शैवालाच्या हौदातून शुद्ध वायू

प्रश्न : चाकण औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात उपाहारगृहाच्या खरकट्यापासून रोज सुमारे 100 घनमीटर बायोगॅस मिळतो. तो सूक्ष्मशैवालांनी शुद्ध करून वाहनांत वापरता येईल काय?

उत्तर : येईल, परंतु जागेची तजवीज आधी हवी. आपल्या वायूत मिथेन सुमारे 60 टक्के, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि अल्प परंतु यंत्रास घातक असा, सडक्या अंड्याच्या दर्पाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. उंच नळकांड्यात शैवालाचे हिरवे अल्कधर्मी पाणी वायूच्या बुडबुड्यांशी भिडले, म्हणजे कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, मिथेन बव्हंशी वर निसटतो. आणि तेच पाणी उथळ हौदात फिरत असता शैवाल उन्हाच्या बळावर तो कार्बन खाऊन वाढते, तर त्याने सोडलेल्या प्राणवायूच्या साहाय्याने जीवाणू सल्फाइडाचे सल्फेट करतात. हा प्राणवायू मिथेनात शिरू नये, यासाठी मात्र डोळ्यांत तेल घालून पाण्याचा प्रवाह बेताचा ठेवावा.

एक किलो शैवाल सुमारे 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड शोषते. म्हणजे आपल्या वायूतील सारा कार्बन डायऑक्साइड शोषण्यास आपणांस रोज 40 किलो शैवाल वाढवावे लागेल, आणि चौरस मीटरमागे 20 ग्रॅमची उत्तम वाढ धरली तरी हौद 20 गुंठ्यांचा होईल. चाकणच्या भूखंडांच्या भावात हे परवडणे कठीण, त्यात आषाढ-श्रावणाचे झाकोळ. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या चिखली, कासारवाडी येथील मैलाशुद्धीकरण केंद्रांजवळ, जेथे नत्र-स्फुरदयुक्त पाणी आयतेच आहे, तेथे हा प्रयोग व्हावा, असे मला मनापासून वाटते. वाहनांसाठी आय. एस. 16087 मानकानुसार किमान 90 टक्के मिथेन आणि भरणीचा परवानाही लागतो. सबब तूर्त लोहचूर्णाच्या पेटीतून सल्फाइड काढून वायू उपाहारगृहाच्या शेगड्यांसच द्यावा.