सहलीतील पाणी आणि विषमज्वर

दिवाळीची सुटी संपली की खेड्यापाड्यांतील शाळांच्या सहली पुण्याकडे निघतात. शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड ही स्थळे इतिहासाच्या पाठास पूरक होत. याच सहलीत आरोग्याचा एक पाठ सहज देता येतो, आणि तो राहून गेल्यास एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. हा पाठ विषमज्वराचा होय. यालाच टायफॉईड किंवा मुदतीचा ताप म्हणतात.

शनिवारवाड्यातील कारंज्यापाशी आरंभ करणे सोयीचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालील नळाने पुण्यात आणले गेले. वाटेत गाळ खाली बसे व हौदांत पाणी निवळून येई. त्या कामाचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु निवळलेले पाणी व निर्जंतुक पाणी या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. विषमज्वराचा जंतू एबर्थ या जर्मन शास्त्रज्ञाने ओळखला तो १८८० साली.

हा भेद वर्गात दाखविण्यास दोन पेले पुरतात. दोहोंत पाणी घेऊन एकात चिमूटभर मीठ विरघळवावे व कोणत्या पेल्यात मीठ आहे ते मुलांनी केवळ पाहून सांगावे. सांगता येणार नाही. मिठाची निदान चव तरी लागते. जंतूंची तीही लागत नाही. पाणी फडक्याने गाळले किंवा त्यात तुरटी फिरवली तर गढूळपणा जातो, पण जंतू मरतीलच असा भरवसा नाही. पाणी खळखळून उकळलेच पाहिजे. ते शक्य नसेल तेथे क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे.

हा जंतू रोग्याच्या मलातून बाहेर पडतो आणि पाणी, माश्या व न धुतलेले हात यांच्याद्वारे दुसऱ्याच्या पोटात जातो. कधी कधी तो वरवर निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या शरीरातही वर्षानुवर्षे राहतो. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण अशीच होती. १९०७ साली तिचा शोध लागेपर्यंत तिने ज्या घरांत अन्न शिजवले त्यांतील अनेक घरांत हा ताप शिरला होता.

प्रवासात सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे बर्फ. गोठल्याने जंतू नाहीसे होतात हा समज चुकीचा आहे. बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस, उघड्यावर चिरून ठेवलेली फळे आणि पाणीपुरीचे पाणी मुलांना देऊ नये. मात्र बाहेरचे सर्वच वर्ज्य करून सहल नीरस करण्याचेही कारण नाही. सिंहगडावर तव्यावरची भाकरी व वाफाळते पिठले खुशाल खाऊ द्यावे. सोबतचा चिरलेला कांदा तेवढा टाळावा. केळी व संत्री मुलांनी स्वतः सोलून खावीत, आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पाणी घरून उकळून न्यावे. या तापावरील लस एकदा टोचून घेता येते. नवी मुंबईत २०१८ मध्ये नव्या संयुग्म लसीची मोहीम झाली होती. लस प्रवासापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी, आणि ती घेतल्यावरही पाण्याची काळजी सोडू नये.

खरी अडचण पुढेच आहे. जंतू पोटात गेल्यावर ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर सहल विसरली जाते आणि घरची माणसे थंडीला किंवा दृष्टीला दोष देतात. म्हणून सहलीची तारीख हजेरीपत्रकात ठळक लिहावी. पुढील महिनाभरात कोणी मूल तापाने गैरहजर राहिले, विशेषतः ताप दिवसेंदिवस चढत असून डोकेदुखी, पोटदुखी व अरुची असेल, तर पालकांना गाठून त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे व सहलीची हकिकत तेथे आवर्जून सांगावी. उपचार लांबल्यास आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो किंवा आतड्यास छिद्र पडते. दुकानातून आणलेल्या दोन गोळ्यांवर भागवू नये. अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतात. सिंध प्रांतात २०१६ पासून बहुतेक नेहमीच्या औषधांना न जुमानणारा विषमज्वर पसरला, हे उदाहरण पालकांना सांगण्याजोगे आहे.

ताप उतरल्यावरही काही काळ मलातून जंतू जात असतात. म्हणून शाळेत परतलेल्या मुलास पाण्याचा माठ भरण्याची किंवा पोषण आहार वाढण्याची पाळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत देऊ नये, आणि त्याचे कारण वर्गासमोर न उच्चारता त्यास एकट्यास बोलावून सांगावे.