शस्त्रक्रियेनंतरची 'सुट्टी' : रुग्णानुभवाची भाषा

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला,
• मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बरे होण्याचे टप्पे सांगता येतील;
• रुग्णालय आणि उसाचा फड येथील शब्दांचे अर्थ ताडून पाहता येतील.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, रुग्ण आपले आजारपण ज्या शब्दांत सांगतो, त्या शब्दांत त्याचे जगणेही सामावलेले असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या संदर्भात आपण हे पाहू. तेथील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सहा जणींमागे जवळपास एक.

विषयविवेचन
१. 'पिशवी काढली' : बोलीत गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. या घरगुती शब्दामुळे संकोच कमी होतो. परंतु पिशवी ही काम संपले की टाकून देण्याची वस्तू असल्याने शस्त्रक्रियेचे गांभीर्यही झाकले जाते. अंडाशयेही काढली गेल्यास ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात.

२. 'सुट्टी झाली' : पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस वॉर्डात जातात. लघवीची नळी निघते. 'वारा सरला का?' असे परिचारिका विचारते, कारण आतडी कामाला लागल्याची ती खूण असते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रुग्णाला लवकर चालवतात. खोकताना पोटाशी उशी धरायला सांगतात. मग 'सुट्टी' होते. या सुट्टीचा अर्थ घरी जाण्याची परवानगी एवढाच. आतील जखम भरून येण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात आणि तोवर जड काही उचलायचे नसते.

३. 'खाडा' : फडात पती-पत्नी मिळून एक 'कोयता' होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते. काम चुकलेला दिवस म्हणजे 'खाडा', आणि खाड्याला दंड. पाळीच्या दुखण्यात घेतलेली विश्रांतीही खाड्यातच मोजली जाते. शस्त्रक्रियेचा निर्णय आणि नंतरची घाई, या दोहोंमागे हा हिशेब उभा असतो. जड उचलू नका, असे रुग्णालयाचा कागद सांगतो. पण उचल फिटायची असते आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावीच लागते.

सारांश
रुग्णालय देते ती 'सुट्टी' आणि शरीराला हवी असते ती सुट्टी, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कागदावर मिळते. दुसरी मिळेल की नाही, हे मजुरीची पद्धत ठरवते. रुग्णानुभवाचे लेखन वाचताना वा करताना हा भेद ध्यानात ठेवावा.

स्वाध्याय
१. 'पिशवी' या शब्दाने काय साधते व काय झाकले जाते, ते पाच-सहा ओळींत लिहा.
२. 'सुट्टी' आणि 'खाडा' या शब्दांमागील दोन जगांची तुलना करा.
३. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या परिचित व्यक्तीशी तिच्या संमतीने बोला. नाव न देता तिचा अनुभव तिच्याच बोलीत एका पृष्ठात शब्दबद्ध करा.