मनगटावरील वेळ : दृष्टिहीनासाठी घड्याळाची निवड

घड्याळ ही डोळ्यांनी पाहावयाची वस्तू होय, ही समजूत इतकी रूढ आहे की मराठीत आपण वेळसुद्धा ‘पाहतो’. ज्यास दिसत नाही त्याने वेळ कशी जाणावी, हा प्रश्न त्यामुळे पुष्कळांस सुचतच नाही. आणि सुचला तर त्याचे उत्तर ‘कोणास तरी विचारावे’ इतक्या सोप्या शब्दांत दिले जाते. दिवसातून वीस वेळा दुसऱ्यास वेळ विचारावी लागणे म्हणजे काय, याचा अनुभव डोळस मनुष्याने एक दिवस मनगटावरील घड्याळ काढून आणि मोबाइल खिशातच ठेवून घ्यावा.

हा विषय प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासासाठी घेण्यास दोन कारणे आहेत. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ३१ अन्वये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. तेव्हा दृष्टिहीन मूल उद्या कोणत्याही गावच्या शाळेत येऊन बसेल. दुसरे कारण असे की, गावात नवी वस्तू घ्यावयाची झाली म्हणजे सल्ला शिक्षकासच विचारतात, आणि विचारले की शिक्षक तो देतोच.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. बोटाने वेळ जाणण्याचे घड्याळ नवे नाही. १७९० च्या दशकात पॅरिसचे प्रसिद्ध घड्याळजी अब्राहम लुई ब्रेगे यांनी स्पर्शाचे घड्याळ तयार केले. त्याच्या कडेस तासांच्या उंचवट्याच्या खुणा होत्या आणि झाकणावर बाण होता. मौजेची गोष्ट अशी की, ते मुख्यतः डोळस श्रीमंतांसाठी होते. चारचौघांत घड्याळ काढून पाहणे असभ्य मानले जाई, म्हणून खिशातल्या खिशात बोट फिरवून वेळ जाणण्याची ती युक्ती होती. आपल्याकडे एच.एम.टी.ने ब्रेल घड्याळे काढली. त्यांची काच उघडते आणि काट्यांना व उंच ठिपक्यांना बोट लावून वेळ समजते. बटण दाबताच वेळ बोलून सांगणारी घड्याळेही मिळतात. २०१३ मध्ये अमेरिकेत ‘ब्रॅडली’ नावाचे घड्याळ निघाले. त्यात काट्यांऐवजी खाचेतून फिरणाऱ्या दोन पोलादी गोळ्या असतात. अफगाणिस्तानात २०११ मध्ये दृष्टी गमावलेले आणि २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकलेले नौदल अधिकारी ब्रॅडली स्नायडर यांचे नाव त्यास दिले आहे.

आता स्मार्टवॉचचा काळ आहे. अ‍ॅपल कंपनीचे घड्याळ २०१५ मध्ये बाजारात आले तेव्हापासूनच त्यात ‘व्हॉइसओव्हर’ ही पडद्यावरील मजकूर बोलून दाखविणारी सोय आहे. काही अँड्रॉइड घड्याळांत ‘टॉकबॅक’ नावाची तशीच सोय असते. दोन-तीन हजारांस मिळणाऱ्या बहुतेक घड्याळांत मात्र अशी कोणतीच वाचक सोय नसते. त्यांचा गुळगुळीत पडदा अंधाच्या बोटाखाली केवळ काच असतो. म्हणून ‘स्वस्तात स्मार्टवॉच मिळते’ असे सांगून कोणी ते भेट आणले, तर ती भेट पेटीतच राहते.

विवेचनासाठी एक उदाहरण कल्पावे. ठाण्यात बाळकुमला एक दृष्टिहीन गुरुजी राहतात आणि खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवितात. पहाटे साडेपाचला त्यांचा दिवस सुरू होतो. बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडून जावयाचे असते. भिवंडीच्या गोदामांकडे जाणारी अवजड वाहने त्याच रस्त्याने धावतात. मेट्रो मार्ग ५ च्या कामात या रस्त्यावर पत्र्यांचे अडसर उभे राहिले आणि पाठ झालेली वाट पुन्हा नव्याने पाठ करावी लागली. गुरुजींकडे आयफोन आहे आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेले अ‍ॅपल वॉच एसई आहे. ते अलीकडे दुपारी चारलाच मान टाकते. सहकारी म्हणतात, “गुरुजी, घ्यायचंच तर आता मोठं घ्या. अल्ट्रा घ्या. पुन्हा दहा वर्षं बघायला नको.” शिक्षक पतपेढीचे कर्जही मिळण्यासारखे आहे.

किमतीचा हिशेब आधी पाहावा. २०२२ च्या सप्टेंबरात ही दोन्ही घड्याळे भारतात जाहीर झाली तेव्हा एसईची किंमत २९,९०० रुपयांपासून होती, तर अल्ट्राची ८९,९०० रुपये. अंतर साठ हजारांचे. पुढे नवी मॉडेले आली, पण हे अंतर काही कमी झाले नाही. तेव्हा खरा प्रश्न ‘चांगले घड्याळ कोणते’ हा नव्हेच. या साठ हजारांतून या गुरुजींच्या हाती नेमके काय अधिक येते, हा प्रश्न आहे.

पुष्कळसा पैसा पडद्याचा आहे. अल्ट्राचा पडदा मोठा, सपाट, नीलमण्याच्या काचेचा, आणि कडक उन्हातही दिसावा इतका प्रखर आहे. पूर्ण अंध मनुष्य मात्र व्हॉइसओव्हरमधील ‘स्क्रीन कर्टन’ ही सोय लावून पडदा काळा करून ठेवू शकतो. त्यामुळे त्याचे संदेश शेजाऱ्यास वाचता येत नाहीत. जो पडदा झाकूनच ठेवावयाचा, त्याच्या प्रखरतेचे मोल देण्यात काय हशील? मोठ्या पडद्यावर बोट ठेवण्यास जागा अधिक मिळते हे खरे. परंतु व्हॉइसओव्हरमध्ये नेमक्या चित्रावर बोट नेण्याची गरज नसते. पडद्यावर कोठेही बोट उजवीकडे सरकविले की पुढील गोष्ट बोलली जाते आणि दोनदा टिचकी मारली की ती उघडते. त्यामुळे लहान पडद्यावरही काम अडत नाही. मात्र अल्पदृष्टी असलेल्या मनुष्यास, म्हणजे ज्यास थोडे दिसते त्यास, हाच मोठा व प्रखर पडदा फार उपयोगाचा ठरेल. ‘अंध’ या एका शब्दाखाली दोन्ही प्रकारच्या व्यक्तींना एकच सल्ला देणे, ही डोळसांची नेहमीची चूक आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा सहकाऱ्यांनी मोठ्या कळकळीने मांडला. मनुष्य पडल्यास ओळखण्याची आणि संकटकाळी मदत मागण्याची सोय अल्ट्रात आहे, हे खरे. पण ती एसईतही आहे. तेवढ्यासाठी साठ हजार मोजण्याचे कारण नाही. अल्ट्राचे स्थाननिर्देशन दोन वारंवारतांवर चालत असल्याने उंच इमारतींमध्ये ते अधिक अचूक असते. परंतु उपग्रह रस्त्याचे स्थान सांगतो. रस्त्यावरचे उघडे गटार, कालच लावलेला पत्रा किंवा पदपथावर उभी केलेली दुचाकी सांगत नाही. ते काम पांढऱ्या काठीचे. ही काठी काही शे रुपयांस मिळते, आणि कोणतेही घड्याळ तिच्या जागी येत नाही.

मग अल्ट्राच्या बाजूने काही उरते की नाही? उरते, आणि ते लहानसहान नाही. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे २०२२ चे एसई एका भारणीत १८ तास चालते, तर अल्ट्रा ३६ तास. गुरुजींचा दिवस साडेसोळा तासांचा. नव्या एसईत तो कसाबसा बसतो. जुन्यात बसत नाही. डोळस मनुष्याचे घड्याळ बंद पडले तर तो भिंतीकडे पाहतो. दृष्टिहीनाचे बंद पडले तर त्याचा तो दिवस पुन्हा दुसऱ्यांच्या तोंडाकडे जातो. अल्ट्राचे ध्वनिवर्धक दोन आहेत आणि आवाज मोठा आहे. शिवाय कडेस एक जादा बटण आहे. एका हातात काठी, खांद्यावर पिशवी, अशा स्थितीत पडद्यावर बोट सरकवीत बसण्यापेक्षा एक उंच बटण चाचपडून दाबणे सोपे, हे कोणीही मान्य करील.

यास्तव गुरुजी एका सहकाऱ्यास घेऊन दुकानात गेले. विक्रेत्याने सहकाऱ्यास विचारले, “यांना कोणतं दाखवू?” सहकारी उत्तर देणार तोच गुरुजी म्हणाले, “मला विचारा. घड्याळ माझ्या हातात बसायचं आहे.” विक्रेता ओशाळला. त्यानंतरचा अर्धा तास त्याने मात्र मन लावून घालविला, हे त्याच्या पदरी घातले पाहिजे. गुरुजींनी दोन्ही घड्याळे मनगटावर बांधून पाहिली. बाजूच्या गोल कळीवर तीनदा दाबून वाचक सोय सुरू होते का, हे पाहिले. सहकाऱ्याकडून मराठीत संदेश मागविला आणि तो घड्याळ कसा वाचते हे ऐकले. ही परीक्षा प्रत्येकाने दुकानातच करावी, कारण इंग्रजी सुरेख वाचणारे यंत्र मराठी मजकूरही तसाच वाचेल असे नाही. काठी धरणाऱ्या हातावर जड घड्याळ कसे वाटते, तेही अजमावले. मोठा आवाज रस्त्यावर ऐकून पाहावा म्हणून घड्याळ बाहेर नेण्याची परवानगी मागितली. ती अर्थातच मिळाली नाही.

ती परीक्षा दुसऱ्या दिवशी बाळकुम नाक्यावर जुन्याच घड्याळाने झाली. वाहनांच्या गदारोळात घड्याळाचा आवाज ऐकू आला नाही. पण त्याच वेळी गुरुजींच्या असे ध्यानी आले की, तो तेथे ऐकावयाचाच नाही. रस्ता ओलांडताना त्यांचे दोन्ही कान वाहनांसाठी राखलेले असतात. घड्याळ मोठ्याने बोलले तर ते त्या कानांतील वाटा मागते. वर्गातही बोलणारे घड्याळ नकोच. तास संपण्यास पाच मिनिटे उरली, हे गुरुजींआधी मुलांस कळते आणि दप्तरे आवरू लागतात! रस्त्यावर आणि वर्गात, दोन्हीकडे त्यांस उपयोगी पडते ते मनगटावर ठोके देऊन मुक्यानेच वेळ सांगणे. आणि ही सोय दोन्ही घड्याळांत अगदी सारखी आहे.

अशा रीतीने अल्ट्राच्या बाजूचा एक मुद्दा गळाला. राहिले भारणीचे तास आणि जादा बटण. पैकी पहिल्यावर तोड होती, ती कोणी सुचविली नव्हती : जुन्या घड्याळाची बॅटरी बदलून घेणे. नव्या घड्याळाच्या मानाने तो खर्च थोडका. गुरुजींनी तेच केले. बटणाचा मोह मात्र अजून सुटलेला नाही, असे ते प्रांजळपणे सांगतात. आणि तो मोह खोटा म्हणता येणार नाही. एखाद्याचा दिवस अधिक लांबीचा असेल, कामात रात्रीचा प्रवास असेल, किंवा हाताच्या बोटांची हालचाल मंद असेल, तर त्याने अल्ट्रा घेणे उधळपट्टी ठरणार नाही. ज्याच्याकडे आयफोनच नाही त्याने मात्र हा विचार करण्यापूर्वी फोनची किंमतही हिशेबात धरावी, कारण अ‍ॅपलचे घड्याळ त्यावाचून चालत नाही.

या ठोक्यांचे शास्त्र वर्गात नेण्याजोगे आहे. ‘टॅप्टिक टाइम’ या सोयीत वेळ सांगण्याच्या तीन रीती आहेत. एक मोर्स संकेतांची. ती येथे सोडून देऊ. पहिली अंकांची : दर दहा तासांस एक लांब ठोका, उरलेल्या दर तासास एक आखूड, मग थोडे थांबून दर दहा मिनिटांस एक लांब आणि उरलेल्या दर मिनिटास एक आखूड. म्हणजे १२ वाजून ३४ मिनिटे झाली असता एक लांब, दोन आखूड, विराम, तीन लांब, चार आखूड. हे दशक-एकक नव्हे तर दुसरे काय? दुसरी रीत संक्षेपाची : दर पाच तासांस एक लांब, उरलेल्या तासांस आखूड, आणि पुढे प्रत्येक पाव तासास एक लांब. ७ वाजून ५० मिनिटे झाली असता एक लांब, दोन आखूड, विराम, तीन लांब. मराठी मूल यास चटकन ‘पावणेआठ’ म्हणेल. सव्वा, साडे, पावणे ही आपली घरगुती भाषा या रीतीस जणू बेतून दिल्यासारखी बसते. यात पाच मिनिटे गळाली हेही मुलांस दाखवावे. तास संपत आला का, हे कळण्यास ही रीत पुरते. गाडी पकडण्यास पुरत नाही.

इयत्ता तिसरी-चौथीच्या वर्गात यासाठी घड्याळ लागत नाही. प्रथम शिक्षकाने खेळाच्या तासाची शिट्टी लांब-आखूड वाजवून वेळ सांगावी व मुलांनी ती पाटीवर लिहावी. नंतर मुलांच्या जोड्या लावून, डोळे मिटून, एकाने दुसऱ्याच्या हाताच्या पाठीवर वेळ द्यावी : लांब ठोक्यासाठी बोट दाबून धरावे, आखूडासाठी टिचकी मारावी. वर्गात दृष्टिहीन मूल असल्यास या खेळात त्यास वेगळी सवलत देण्याचे कारण पडत नाही. अडचण येते ती शून्यापाशी. दहा वाजता केवळ एक लांब ठोका येतो आणि पुढे काहीच येत नाही. मुले आणखी ठोक्यांची वाट पाहत राहतात. ७ वाजून ८ मिनिटांस सात आखूड, विराम, आठ आखूड. येथे विराम नीट न दिल्यास पंधरा ठोके मोजले जातात. शिक्षकाने येथे घाई करू नये. शून्यास ठोका नाही, पण जागा आहे, हे मुलांनी आपल्या तोंडाने सांगेपर्यंत १०:००, १०:०५ आणि १०:५० या तीन वेळा आलटून पालटून द्याव्यात.

पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शिक्षकाने हा पाठ एकदा घेऊन पाहावा आणि कोणत्या वेळेस किती मुले चुकली याची नोंद आणावी. आपल्या शाळेत किंवा गावात दृष्टिहीन व्यक्ती असल्यास, ती सध्या वेळ कशी जाणते हे तिलाच विचारून लिहून आणावे. घरच्या मंडळींस विचारून नव्हे.