पुरातत्त्वाचा व्यवसाय आणि आपले विद्यार्थी

त्रिरश्मी लेण्यांवर आपण वंदनेसाठी नेहमी जातो. तेथील तिसऱ्या लेण्यातील शिलालेखात गौतमी बलश्रीने भिक्खुसंघाला दिलेल्या दानाची नोंद आहे आणि डोंगराचे 'तिरण्हु' हे नावही आहे. तरी 'पांडवलेणी' हे नाव रूढ झाले, कारण ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत. जो इतिहास आपल्याला वाचता येत नाही, तो दुसरे सांगतील तसा ऐकावा लागतो. म्हणून आपल्या मुलामुलींनी पुरातत्त्वाकडे वळले पाहिजे. परंतु पोट भरेल काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे.

वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, वास्तुविशारदाला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते. पुरातत्त्वज्ञासाठी भारतात अशी वैधानिक परिषद नाही. इंग्लंडमध्ये पुरातत्त्वज्ञांच्या व्यावसायिक संस्थेला २०१४ साली राजसनद मिळाली. आपल्याकडे उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देते. तो त्या-त्या उत्खननापुरता असतो. ती व्यवसायाची सनद नव्हे. म्हणून पदवी, क्षेत्रकामाचा अनुभव आणि स्वतःच्या नावावरचे अहवाल हीच सल्लागाराची खरी सनद.

कामे कोठून येतात? संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर या क्षेत्रातील मोठ्या प्रकल्पांचा वारशावरील परिणाम तपासला जातो. अशा पाहणीत, आराखड्यात, संग्रहालयांत जाणकार लागतात. मात्र ही कामे नियमित नसतात, हे आधीच ओळखून असावे. स्थिर नोकरीसाठी केंद्राचे सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय व विद्यापीठे आहेत. जागा थोड्या, स्पर्धा मोठी.

शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज जवळ आहे. त्याच संस्थेच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी १९५०-५१ मध्ये नाशिक येथे उत्खनन केले होते. ग्रेटर नोएडा येथील केंद्रीय पुरातत्त्व संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका मिळते, आणि तिच्या प्रवेशासाठी पाली विषयातील एम.ए. देखील ग्राह्य धरली गेली आहे. पाली शिकून काय मिळणार, असे विचारणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे. प्रवेशाच्या अटी व वयोमर्यादा मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

विद्यार्थीमित्रांनो, सुरुवात आजच करता येईल. ब्राह्मी अक्षरे शिका, वही घेऊन लेण्यांवर जा, एक ओळ वाचून नोंदवा. पुढे पदवी आली की ती वही तुमचा पहिला अहवाल ठरेल.

जय भीम! नमो बुद्धाय!