धाब्याच्या घराचे नूतनीकरण : खानदेशासाठी एक आराखडा

जळगाव व धुळे हे राज्यातील कडक उन्हाळ्याचे जिल्हे होत. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. या हवामानाला तोंड देण्यासाठी खानदेशाने पूर्वापार धाब्याचे घर उभारले. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब व कडीपाट, त्यावर मातीचे सपाट छत, लहान खिडक्या आणि पुढे ओसरी, अशी त्याची साधारण रचना असते. दुपारचे ऊन छतातून व भिंतींतून आत झिरपण्यास बराच वेळ लागतो, म्हणून भर दुपारी असे घर थंड राहते. रात्री अंथरुणे धाब्यावर टाकण्याची प्रथाही याच रचनेतून आली.

तथापि गेल्या काही दशकांत ही घरे पाडून त्या जागी स्लॅबची किंवा पत्र्याची घरे झपाट्याने उभी राहिली. त्यामागील कारणे खरी आहेत. धाबे पावसाळ्यात गळते, दरवर्षी त्यावर माती टाकावी लागते, लाकडाला वाळवी लागते, खोल्या अंधाऱ्या राहतात आणि घरात शौचालय नसते. परंतु पत्रा ऊन लागताच तापतो. स्लॅब दिवसभर उष्णता शोषून ती संध्याकाळी व रात्री खोलीत सोडतो. त्यावर उपाय म्हणून कूलर व वातानुकूलन यंत्रे येतात आणि विजेचे देयक वाढते. यास्तव जुन्या घराचे दोष दूर करून त्याचा थंडावा राखता येईल काय, हा प्रश्न घर पाडण्यापूर्वी विचारणे अगत्याचे आहे. भिंती व लाकूडकाम बऱ्यापैकी शाबूत असेल, तर ते बहुधा साध्य होते. मात्र त्यासाठी कामांचा योग्य क्रम ठरवावा लागतो.

प्रथम तपासणी

संपूर्ण घराचा एक साधा नकाशा काढून त्यावर गळतीच्या जागा, भिंतींच्या तडा, ओल, वाळवी लागलेले खांब व तुळया यांची नोंद करावी. ही पाहणी एकदा पावसाळ्यात व एकदा उन्हाळ्यात करणे श्रेयस्कर, कारण घराचे दोष ऋतूप्रमाणे दिसतात. गावठाणात शेजाऱ्यांच्या भिंती अनेकदा सामाईक असतात. त्यांची संमती व स्थानिक संस्थेची परवानगी आधीच घ्यावी. खांब, तुळया व भिंती यांची तपासणी जाणत्या अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय एकही लाकूड हलवू नये.

छताचे वजन

नूतनीकरणात पहिले स्थान छताचे आहे. दरवर्षी नवी माती टाकल्याने धाब्याचा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. ६० चौरस मीटर छतावर ३० सेंटिमीटर जाडीची माती असेल, तर तिचे वजन सुमारे २९ टन भरते. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती व मातीची जड छते कोसळून हजारो माणसे दगावली. सातपुड्याच्या परिसरातही १९३८ साली मोठा भूकंप झाला होता. तेव्हा छताचा भार हलका करणे हे थंडाव्याइतकेच सुरक्षिततेचे काम आहे.

जुनी माती पूर्णपणे उतरवून कुजलेल्या कड्या व पाट बदलावेत. उरलेल्या लाकडाला वाळवीप्रतिबंधक द्रव्य लावावे. पाटावर जलरोधक पडदा अंथरून चाळलेल्या मातीचा सुमारे १० सेंटिमीटरचा थर द्यावा व त्यावर चुना-सुरखीचा पातळ कोबा करावा. पाणी न साचता पन्हाळीकडे जाईल असा उतार ठेवावा. असे केल्यास मातीचे वजन सुमारे एक तृतीयांशावर येते आणि दरवर्षी माती टाकण्याचे कष्टही वाचतात. शेवटी पृष्ठभागाला पांढरा चुना द्यावा. पांढरा रंग सूर्यप्रकाश परावर्तित करतो, त्यामुळे थर पातळ झाल्याने कमी झालेला थंडावा बराचसा भरून निघतो. घरावर आधीच पत्रा असेल, तर त्याला पांढरा रंग देऊन खाली हवेची पोकळी राखत बांबूच्या चटयांचे दुसरे छत करावे.

भिंती, खिडक्या व साहित्य

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करणे ही नेहमी होणारी चूक आहे. भिंतीतील ओल त्यामुळे आतच कोंडते व कालांतराने गिलावा मातीसह सुटतो. चुन्याचा किंवा शेण-भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. धाब्यावरून उतरवलेली माती याच कामी वापरता येते. जुने सागवानी दरवाजे, दगड व विटाही जपून ठेवाव्यात. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. म्हणून जुन्या साहित्याचा पुनर्वापर हा पर्यावरणरक्षणाचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. नवी भिंत बांधणे आवश्यकच असेल, तर राखेच्या विटांचा विचार करावा. भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्र असल्याने त्यांचा कच्चा माल या भागात जवळच उपलब्ध आहे.

समोरासमोर खिडक्या व छतात झाकणाचे झरोके ठेवल्यास अंधार कमी होतो आणि रात्रीचा गार वारा घरातून खेळतो. दिवसा लू वाहत असताना मात्र त्या बंद ठेवाव्यात. पश्चिमेच्या भिंतीवर छज्जा किंवा मांडव करावा आणि जागा असल्यास त्या बाजूला कडुनिंब लावावा.

पाण्याची व्यवस्था

तापीकाठची काळी माती ओली झाली की फुगते व वाळली की आकसते. त्यामुळे पाया हलतो व भिंतींना तडा जातात. म्हणून शौचालय व न्हाणीघर नव्याने बांधताना सांडपाणी पायापासून दूर नेऊन परसबागेला द्यावे. काळ्या मातीत शोषखड्डा नीट काम करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पावसाचे पाणी साठविणे या भागात विशेष आवश्यक आहे, कारण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजलाचा उपसा फार मोठा आहे. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि २० टक्के पाणी वाया गेले असे मानले, तरी ६० चौरस मीटर छतावरून सुमारे २८,८०० लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास दररोज ४० लिटर पाणी लागते असे धरल्यास, उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी ५,००० लिटरची टाकी पुरेशी होते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे व साठविलेले पाणी शुद्ध करूनच प्यावे.

विजेचा क्रम शेवटी

छत व भिंती सुधारल्यानंतरच विजेचा हिशोब मांडावा. कारण तोवर तिची गरज कमी झालेली असते. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पंख्याला सुमारे ३० वॉट पुरतात. चार पंखे दररोज बारा तास चालत असतील, तर महिन्याला सुमारे ६५ युनिटची बचत होते. साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, तो या भागातील लख्ख उन्हाच्या बळावरच. एक किलोवॉटचा घरगुती संच दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोन किलोवॉटला ६०,००० रुपये व तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. धाब्यावर संच बसविताना त्याचा भार मातीवर न देता भिंतींवर द्यावा.

कामाचे वेळापत्रक

पावसाळा संपल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, छत उतरविण्यास आरंभ करावा आणि आखाजीपूर्वी कोबा पुरा करावा. चुन्याचे काम सावकाश वाळणे आवश्यक असल्याने ते कडक उन्हात काढू नये. सर्व कामे एका वर्षात झेपत नसतील, तर पहिल्या वर्षी छत व सांडपाणी, दुसऱ्या वर्षी भिंती व खिडक्या आणि तिसऱ्या वर्षी पावसाच्या पाण्याची टाकी व सौर संच, अशी विभागणी करावी. हा क्रम पाळल्यास आधीचे काम पुढच्या कामासाठी पुन्हा फोडावे लागत नाही आणि कुटुंबाला त्याच घरात राहून नूतनीकरण करणे शक्य होते. धाब्याची कामे जाणणारे गवंडी व सुतार आता थोडे उरले आहेत. त्यांच्या हाताखाली गावातील तरुणांनी हे काम शिकून घेतले, तर घरांबरोबर ही विद्याही टिकून राहील.