पासिंगला नेण्याआधी गाडी खालून बघा

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ही मुदत घातली आहे. ती संपली की गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची आणि पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहायचं. रिक्षा, टेम्पो, टॅक्सी यांना पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस काढावा लागतो. घरच्या गाडीला मात्र शोरूममधून बाहेर पडल्यापासून पंधरा वर्षं कुणी अधिकारी हात लावत नाही. ब्रिटनमध्ये गाडीला तीन वर्षं झाली की दर वर्षी तपासणी सक्तीची असते. आपल्याकडे ती पहिल्यांदा होते तेव्हा गाडीने पंधरा पावसाळे काढलेले असतात. कोकणातली गाडी असेल तर वर खारा वाराही खाल्लेला असतो.

आमची गाडी रत्नागिरीतली. मुदत जवळ आली तशी ती एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, पासिंगपुरतं करून देतो. उगाच खर्चात कशाला पडता?" हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून लख्ख झाल्या, नंबरप्लेटचा दिवा लागला, वायपरची नवी पाती बसली, खालून काळा रंग फवारला गेला. गाडी देखणी दिसत होती. बिलात ब्रेकसमोर 'चेक केले' एवढंच लिहिलेलं होतं.

आरटीओत मोटार वाहन निरीक्षकांनी आधी चासी नंबर बघायला मागितला. आमच्या गाडीत तो डाव्या सीटखालच्या पत्र्यावर ठोकलेला आहे. त्यावर माती आणि गंजाचा थर बसला होता. थिनरचा बोळा फिरवून, वर कागद धरून पेन्सिल घासली तेव्हा अंक उमटले. हे काम घरी करून ठेवा. नंबर वाचता आला नाही, तर ही गाडी तीच हे ठरवायचं कशावरून? चांगल्या गाड्याही तिथे अडून बसतात.

मग पुढची तपासणी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ६२व्या नियमात तिचा तक्ताच दिला आहे: हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे आणि बल्ब, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, डॅशबोर्डवरची उपकरणं, वायपर, धूर, स्पीडोमीटर, स्टिअरिंग आणि ब्रेक. निरीक्षकांनी अप्पर-डिप्पर करायला लावलं, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर बघितले, मागे उभं राहून ब्रेकलाइट बघितले. स्टिअरिंग जागच्या जागी हलवून किती प्ले आहे ते पाहिलं. सगळं ठीक होतं. शेवटी ते म्हणाले, "तीसच्या स्पीडने या आणि हात केला की दाबा."

ताशी तीस किलोमीटर वेगाने येणारी गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे असा नियम आहे. आमची थांबली. पण थांबताना नाक डावीकडे गेलं. दुसऱ्यांदा घ्यायला लावलं, पुन्हा तेच. "गाडी ओढतेय. ब्रेकचं काम करून आणा," असं सांगून त्यांनी कागद परत दिले. शेजारी उभा असलेला एक एजंट "साहेब, होऊन जाईल" म्हणत होता. त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्या निरीक्षकांचे मी मनापासून आभार मानतो. ब्रेकची तपासणी कागदावर उरकली जाते अशी तक्रार आपल्या राज्यात फार जुनी आहे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी त्यासाठी जनहित याचिका लढवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर व्यावसायिक वाहनांच्या ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचे ट्रॅक करावे लागले. एका नागरिकाने धरलेल्या या चिकाटीचं मोल रस्त्यावरच्या प्रत्येकाला आहे.

तिथून गाडी लिफ्ट असलेल्या दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. उजवं पुढचं चाक काढलं तेव्हा कारण दिसलं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. हातोडी मारल्याशिवाय त्या निघेनात. आतल्या बाजूचा पॅड झिजून लोखंडाला टेकला होता, बाहेरचा जवळपास नव्यासारखा जाड. म्हणजे उजवं चाक धड धरतच नव्हतं. सगळा भार डाव्या चाकावर पडत होता, म्हणून गाडी डावीकडे जात होती.

खरा धक्का मागे होता. मागच्या ॲक्सलजवळ, जिथे चिखल साचून राहतो, तिथून ब्रेक ऑइलचा लोखंडी पाइप जातो. त्यावरही तो ताजा काळा रंग चढलेला होता. मेकॅनिकने पॉलिश पेपरचा तुकडा घेतला आणि हलक्या हाताने दोनदा घासला. रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे सुटले आणि पाइपाच्या अंगावर तेलाचा थेंब आला. त्याने बोट पुसलं आणि विचारलं, "काका, आंबा घाट याच गाडीने उतरता ना?" त्याच गाडीने, मुलाबाळांसकट.

आता नीट लक्षात घ्या. निरीक्षकांनी पकडला तो कॅलिपर, कारण तो गाडी चालवताना कळतो. सडलेला पाइप त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मोकळ्या मैदानात उभ्या केलेल्या गाडीखाली कुणी आडवं पडून बघत नाही. चाकं उतरवणं, ड्रम उघडणं हे त्या तपासणीत येत नाही. गाडी पास झाली म्हणजे त्या दिवशी दिवे लागले, हॉर्न वाजला आणि गाडी थांबली. पुढच्या पाच वर्षांचा भरवसा त्यात नाही, तो गॅरेजमध्येच मिळवावा लागतो.

म्हणून गॅरेजवाल्याकडे काय मागायचं ते सांगतो. चारही चाकं काढायला लावा आणि तुम्ही शेजारी उभे राहा. पॅडची जाडी दोन्ही बाजूंनी बघा, तीन मिलिमीटरच्या आसपास आली असेल तर बदला. मागचे ड्रम उघडून लायनर ओला आहे का ते बघा. ओला असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. कोकणातल्या दमट हवेत तर यात हयगय नको. मग लोखंडी पाइप आणि रबरी होज शेवटपर्यंत हाताने चाचपायला सांगा. सस्पेन्शन जिथे बोल्टने बसतं तिथला पत्रा, जॅक लावायची जागा, दारांखालची कड इथे स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा ठोकून बघा. आवाज टणक आला पाहिजे, भदभद आला तर आत सडलंय. बॉलजॉइंट आणि टायरॉड एंड चाक हलवून तपासता येतात. खालून काळा रंग मारायचाच असेल, तर हे सगळं झाल्यावर, गंज खरवडून मारा. आधी मारलेला रंग फक्त दोष झाकतो.

टायरचा नियम वेगळा आहे, ९४वा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल चालत नाही. तेवढ्या उंचीचा रबराचा उंचवटा नक्षीच्या खाचेतच असतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर गेला. काही लोक पासिंगपुरते दुसऱ्याचे टायर लावून नेतात. कृपा करून तसं करू नका, परतीच्या रस्त्यावर जुनेच टायर पुन्हा चढणार असतात.

बाहेरून लावलेल्या वस्तूंवरूनही गाड्या परत जातात. पुढचा लोखंडी बंपर गार्ड डिसेंबर २०१७ पासून चालत नाही. काचांमधून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के उजेड आत यायला हवा, त्यामुळे काळी फिल्म आधीच उतरवा. कर्कश मल्टी-टोन हॉर्न काढून टाका. सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सिलिंडरची तीन वर्षांनी करायची हायड्रो टेस्ट चालू मुदतीत हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. नमुना २५ मधला अर्ज मुदतीआधी साठ दिवसांपासून करता येतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी, थकलेली ई-चलानं भरलेली बरी. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये करण्यात आलं, उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटलेली गाडी रस्त्यावर आणू नका. नोंदणीच चालू नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते.

दुरुस्तीनंतर त्याच निरीक्षकांसमोर गाडी सरळ रेषेत थांबली आणि पास झाली. पाइप, कॅलिपर, पॅड आणि ब्रेक ऑइल मिळून जो खर्च आला तो आधीच्या रंगरंगोटीच्या बिलाहून फार मोठा नव्हता.

तुमच्या आरसीवरची तारीख काढून बघा. ती या वर्षातली असेल, तर पॉलिश आणि रंगाचं नंतर बघता येईल. आधी लिफ्ट असलेल्या गॅरेजची वेळ घ्या, आणि गाडी वर चढली की तिच्याखाली स्वतः उभे राहा.