परसातील संरक्षक भिंत : स्वतः रचावी की तयार ब्लॉक आणावेत?

कोकणात घर बहुधा उतारावर असते. परसात चार माड, दोन केळी लावायच्या म्हटले तरी माती धरून ठेवणारी भिंत लागते. मग प्रश्न येतो, जागेवरचा दगड रचावा की सिमेंटचे तयार ब्लॉक विकत घ्यावेत? आम्ही कापडाचे व्यापारी. कापड घेऊन शिवावे की रेडीमेड घ्यावे, हा हिशेब आमच्यासमोर रोजचाच. तोच येथे लावून पाहू.

प्रथम भिंतीचे काम समजून घ्यावे. कुंपणाची भिंत नुसती उभी असते, संरक्षक भिंत मातीचा रेटा झेलते. उंची दुप्पट केली की एकूण रेटा सुमारे चौपट होतो. म्हणून तीन फुटांपर्यंतचेच काम घरी करावे. त्याहून उंच भिंत असेल, किंवा वरच्या अंगाला घर अथवा रस्ता असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नये.

दगडाची रचाई : समजा, भिंत ३० फूट लांब, ३ फूट उंच आहे. तळाची रुंदी उंचीच्या निम्मी, म्हणजे दीड फूट, आणि माथा एक फूट धरला तर सुमारे ११२ घनफूट दगड लागतो. पाया वेगळा. दगड जागेवरच निघाला तर फुकट, पण मेहनत फुकट नसते. सांध्यावर सांधा येऊ देऊ नये, मधूनमधून लांब दगड आत शिरवावा आणि भिंतीला मातीकडे थोडा कल द्यावा. बिनसिमेंटच्या रचाईचा मोठा फायदा असा की, पाणी फटींतून आपोआप निघून जाते.

तयार ब्लॉक : १६ इंच लांब व ८ इंच उंच ब्लॉक घेतला तर ९० चौरस फुटांना १०१ नग बसतात. तूटफुटीसाठी पाच-सात जास्त धरावेत. पण आठ इंची एकेरी भिंत तीन फूट मातीला पुरत नाही. तळाचे थर दुहेरी घ्यावे लागतात, नाहीतर पोकळ ब्लॉकमध्ये सळई व काँक्रीट भरावे लागते. दर विचारताना हा खर्च, वाहतूक आणि उतरवण्याची मजुरी त्यातच धरावी. ब्लॉक पाणी मारून किमान दोन आठवडे पक्का केलेला आहे का, हेही विचारावे.

आमचा तजुर्बा सांगतो. आम्ही ब्लॉकची भिंत बांधली, आतबाहेर प्लास्टर केले आणि खर्च वाचवायला पाणी जाण्याची भोके ठेवली नाहीत. जुलैच्या पावसात मागे पाणी साचले, भिंतीला पोट आले आणि एका रात्री ती आडवी झाली. दोष ब्लॉकचा नव्हता, आमचा होता. पुन्हा बांधताना मागे फूटभर खडी भरली, तळाशी दर पाच फुटांवर पाइप घातला. वाचवले थोडे, गमावले दुप्पट.

सारांश, दगड जागेवर असेल आणि हाताशी वेळ असेल तर रचाई परवडते. दगड विकत आणायचा असेल व पावसाळा तोंडावर आला असेल तर ब्लॉक बरे. दोन्हीत पाया घट्ट जमिनीपर्यंत न्यावा आणि पाण्याला वाट द्यावी. या दोन गोष्टींत काटकसर करू नये.